गाडी कोणाच्या मागे राहणार, ते आधी ठरवा

पत्र (थोडं छोटं केलंय, नाव-गाव ताईंनीच असं लिहिलंय):

"ताई, मी ४४ ची, मिस्टर ४८. लॉकडाऊननंतर दोघांनी सायकली घेतल्या, त्र्यंबक, वणी, एकदा शिर्डी असं करत करत गेल्या वर्षी २०० किलोमीटरची बीआरएम (साडेतेरा तासांच्या आत संपवायची सायकल राईड) दोघांनी पूर्ण केली, ते साडेदहा तासांत आले आणि मी १३ तास १० मिनिटांत, म्हणजे वेळ संपायला २० मिनिटं राहिली होती. आता जुलैत मनाली ते लेह करायचं ठरलंय, ८ दिवसांत. सोबत आमची एर्टिगा, चालवायला धाकटे दीर. मिस्टर म्हणतात, तू दमलीस की गाडीत बसायचं, काही टेन्शन नाही. ते चांगल्या मनानेच म्हणतात पण मला तेच टोचतं. मी गाडीत बसले की घरी आल्यावर 'अर्धी तर गाडीतच होती' हे आयुष्यभर ऐकणार, आणि दीर साक्षीला असणार. गाडीच नको म्हटलं तर म्हणतात वेडी आहेस का. तर जाऊ का? गाडी नेऊ की नको? गाडीत बसलं तर ती राईड राहते का? आणि सासूबाई म्हणतात या वयात कशाला, त्यांना काय सांगू? — मागे राहणारी, नाशिक."

मागे राहणाऱ्या ताई,

जा. आणि गाडी न्या. पण ८ दिवसांत नको, जुलैत शक्यतो नको, एर्टिगा नको आणि दीर तर अजिबात नको. दीर माणूस चांगलाच असणार, प्रश्न तो नाहीये, सांगते.

आधी तुमचा टोचणारा प्रश्न घेते. रॅम माहितीये ना, अमेरिकेची ती आडवी सायकल रेस, कॅलिफोर्नियाच्या ओशनसाईडपासून पूर्व किनाऱ्यापर्यंत, ४८०० किलोमीटरच्या आसपास. तुमच्याच नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या टीमने ती पूर्ण केली, तेव्हा नाशकात काय कौतुक झालं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. आता दोघांची टीम म्हणजे काय असतं, तर एक पॅडल मारतो तेव्हा दुसरा गाडीत असतो, झोपतो, खातो, पाय वर करून पडतो, मग अदलाबदल. म्हणजे गाडीत बसणं हा त्या रेसचाच भाग आहे. तेव्हा कोणी म्हणालं का की भाऊ अर्धी रेस तर गाडीतच होते? नाही म्हणालं. मग तुम्ही मनालीहून निघून पावणेपाचशे किलोमीटरपैकी चाळीस किलोमीटर गाडीत बसलात तर तुमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपने एवढं काय लावून धरायचं.

पण मला कळतंय की तुमचं दुखणं गाडी हे नाहीये. दुखणं हे आहे की गाडी आधीच तुमच्या नावावर लिहून ठेवलीये. "तू दमलीस की" असं म्हटलं, "आपल्यातलं कोणी दमलं की" असं नाही म्हटलं. म्हणजे निघायच्या आधीच एक जण सायकलस्वार आणि एक जण संभाव्य पॅसेंजर. आमच्याकडे डिट्टो हेच होतं म्हणून मी एवढी तावातावाने लिहितेय.

आम्ही दोघं मनाली ते लेह गेलो होतो, ऑगस्टमध्ये. नवरा माझ्यापेक्षा फास्ट, कायमच. मनालीहून निघतानाच त्याने गाडीच्या मागच्या सीटवर माझ्यासाठी उशी ठेवली होती, प्रेमाने हं, आणि ती उशी बघून माझं डोकं फिरलं होतं. तर झालं काय की झिंगझिंगबारला, म्हणजे बारालाचा खिंडीच्या अलीकडे, साधारण ४२७० मीटरवर, आम्ही मुक्कामाला होतो आणि साहेबांचं डोकं दुपारपासून ठणकत होतं ते त्यांनी सांगितलंच नाही. मला म्हणाला भूक नाहीये. डाळ-भात आवडीने खाणारा माणूस भूक नाही म्हणतो तेव्हाच मला कळायला हवं होतं, पण मी माझ्याच मांड्या चोळत बसले होते. रात्री अकराला दोनदा उलटी, मग उठून उभा राहिला तर दारू प्यायल्यासारखा हेलपाटला. ड्रायव्हर तिकडचाच, लाहौलचा होता, त्याने टॉर्च मारून चेहरा बघितला आणि आम्हाला विचारलंसुद्धा नाही, नुसतं म्हणाला, "साब नीचे जाएंगे, अभी." दीड तासात जिस्पाला खाली आलो. खाली उतरल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी स्वारी पराठा मागत होती.

आणि मग दोन दिवस आरामानंतर बारालाचा मी एकटी चढले आणि नवरा त्या उशीवर डोकं ठेवून मागच्या सीटवर. तर उशी कोणाच्या कामाला येईल हे नाशकात बसून कोणालाच सांगता येत नाही. उंचीला फिटनेस कळत नाही, ज्याचा स्पीड जास्त तो उलट लवकर चढतो आणि लवकर आजारी पडतो असंही होतं. हे मिस्टरांना वाचून दाखवा. माझं नाव सांगा.

आता ८ दिवसांचं बघू. तुम्ही प्लॅन पाठवलाय त्यात जिस्पा ते सरचू एका दिवसात आहे. जिस्पा ३२००-३३०० मीटर, सरचू ४२९० च्या आसपास. आपलं कळसूबाई १६४६, म्हणजे मनालीतल्या हॉटेलातच तुम्ही कळसूबाईपेक्षा उंच झोपणार आणि सरचूचा तंबू म्हणजे अडीच कळसूबाईच्याही वर. डॉक्टर लोकांचा साधा नियम असा आहे की ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबायचं. तुम्ही एका दिवसात हजार मीटर वाढवताय, तेही बारालाचाचा ४८९० मीटरचा माथा ओलांडून, दमून.

त्यात सरचूची एक खोड आहे जी प्लॅनच्या कागदावर दिसत नाही. सरचूला त्रास झाला तर खाली जायला रस्ताच नाही. मागे फिरलात तर बारालाचा परत चढायचा, पुढे गेलात तर नकी ला आणि लाचुंग ला (ला म्हणजे खिंड), त्यातला लाचुंग ला ५००० च्या वर. म्हणजे उतरायचं असेल तर आधी चढायचं. आम्हाला झिंगझिंगबारला झालं म्हणून वाचलो, खिंडीच्या अलीकडे होतो, गाडीने सरळ घसरत खाली. तेच पुढच्या रात्री झालं असतं तर काय केलं असतं, विचारच नको. म्हणून मधे पत्सेओला एक रात्र टाका, ३८०० च्या आसपास आहे, मग झिंगझिंगबार, आणि मग बारालाचा ओलांडून सरचू.

असं धरून साधारण असा हिशोब होतो बघा. मनालीत दोन रात्री, मधल्या दिवशी सोलांगपर्यंत जाऊन या. मग मढी, मग रोहतांग ओलांडून कोकसर किंवा सिस्सू, मग केलाँग, मग जिस्पा आणि जिस्पाला एक पूर्ण दिवस आराम (नदीकाठी बसा, भांडणं असतील तर तिथेच उरकून घ्या, पुढे भांडायला श्वास नसतो), मग पत्सेओ, झिंगझिंगबार, सरचू, पांग, देबरिंग, मग टांगलांग ला ओलांडून रुमत्से किंवा उपशी आणि मग लेह. बारा-तेरा दिवस होतात, वर दोन दिवस राखीव. सुट्टी मिळत नसेल तर पुढच्या वर्षी जा पण ८ दिवसांत कोंबू नका. लेहच्या पुढच्या खारदुंग लाचा विचार लेहमध्ये दोन रात्री काढल्यावर.

महिना. तिकडचा उन्हाळा जून ते सप्टेंबर, हिवाळ्यात रस्ता बर्फाखाली असतो. जुलैत मनालीच्या बाजूला पाऊस असतो, २०२३ च्या जुलैत बियासने मनाली-कुलूकडे काय केलं ते टीव्हीवर बघितलंच असेल. आणि वर जे नाले रस्त्यावरून वाहतात ते बर्फ वितळून येतं ते पाणी, सकाळी घोट्यापर्यंत असतं तेच दुपारी तीनला गुडघ्याच्या वर, आणि गार इतकं की पाय आपला आहे का ते बघावं लागतं. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा घ्या, थंडी जास्त असेल पण आकाश मोकळं आणि नाले सुतासारखे सरळ झालेले असतात. कुठल्याही महिन्यात गेलात तरी नाला सकाळीच ओलांडायचा, हे पक्कं.

आता गाडी आणि ड्रायव्हर, कारण तुमचं खरं उत्तर इथे आहे.

दीर नको म्हटलं त्याची कारणं. एक तर ड्रायव्हरलाही उंची लागते, तो गाडीत बसलाय म्हणून त्याला सूट नसते, आणि नाशिकहून आलेला माणूस सरचूला डोकं धरून बसला तर तुमची बॅकअप गाडी कोण चालवणार? दुसरं, सायकलवाल्यांसोबत गाडी चालवणं हे भयंकर कंटाळवाणं काम आहे, दिवसाला पन्नास-साठ किलोमीटर, ते दहा तासांत. चौथ्या दिवशी दीर वैतागणार आणि वैताग निघणार तो वहिनीवर, भावावर नाही, कारण हळू कोण चालवतंय तर वहिनी. घरातलं राजकारण सोळा हजार फुटांवर न्यायचं नसतं. तिसरं, एर्टिगा त्या नाल्यांमध्ये खाली घासते. मनालीतून तिकडचाच ड्रायव्हर आणि बोलेरो किंवा तत्सम काहीतरी घ्या, ज्याने सायकलवाल्यांसोबत आधी काम केलंय असा. त्याचं जेवण, झोपायची नीट जागा, रजई, हे तुमच्या खर्चात धरा आणि पहिल्याच दिवशी त्याला सांगून टाका. पुष्कळ लोक स्वतः तंबूत झोपतात आणि ड्रायव्हरला गाडीत झोपायला लावतात, रात्रभर कुडकुडलेला माणूस सकाळी घाटात तुमच्या मागे गाडी चालवणार आहे, एवढाही विचार करत नाहीत. लेहच्या टॅक्सीवाल्यांचा बाहेरच्या टॅक्सीने तिकडे फिरवायला विरोध असतो, म्हणून मनालीची गाडी लेहला सोडायची आणि खारदुंग लाला जायचं तर लेहचीच गाडी घ्यायची. डिझेल टंडीच्या पंपावर फुल्ल, तिथे पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर अशी पाटी फेमस आहे, लोक तिच्यासोबत फोटो काढतात आणि टाकी भरायला विसरतात.

आणि आता तो नियम जो आम्ही ठरवला नव्हता. गाडी कोणासोबत?

नवरा बरा झाला, सरचूहून परत सायकलवर बसला, आणि आजारपणाचा वचपा काढायचा असल्यासारखा सुटला. गाटा लूप्सला, ती एकवीस वळणं आहेत ना, तिथे तो पुढे, मी मागे, आणि ड्रायव्हरला वाटलं साहेबांची तब्येत नाजूक, आपण त्यांच्याजवळ राहावं. त्याचं काही चुकलं नाही, आम्ही त्याला सांगितलंच नव्हतं. मी वळणावर उभं राहून गिअर टाकला, चढावर लोड असताना, माझीच चूक, आणि कटकन आवाज आला. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग, स्पोकमध्ये. बघते तर हँगर तुटलेला. डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो छोटासा ॲल्युमिनियमचा तुकडा, बोटाएवढा, तो तुटला की सायकल म्हणजे हातगाडी. आता स्पेअर हँगर आमच्याकडे होता की, नवऱ्याने दोन आणले होते, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात, चेनच्या लिंका, ॲलन की, सगळं व्यवस्थित कागदात गुंडाळून. आणि तो डबा होता गाडीत. गाडी पाच-सहा वळणं वर, फोनला रेंज नाही, जॅकेट गाडीत, पाणी संपलेलं.

तिथे ते छोटं देऊळ आहे, एका ट्रकच्या क्लीनरची गोष्ट सांगतात, बर्फात अडकून तहानेने गेला म्हणून, येणारे-जाणारे तिथे पाण्याच्या बाटल्या ठेवतात. माझ्यासमोर शेकडो भरलेल्या बाटल्या आणि मला तहान लागलेली. नाही घेतली हो. भुताबिताला मानत नाही मी पण नाही घेतली. शेवटी वर जाणाऱ्या ट्रकवाल्याला हात केला, म्हटलं ऊपर सफेद बोलेरो दिखे तो बोलना मॅडम नीचे बैठी है. त्याने आधी स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं आणि मग गेला. दोन तासांनी गाडी आली. तोपर्यंत ढग आला होता, घामाने भिजलेली जर्सी पाठीला बर्फासारखी लागत होती.

त्या रात्री पांगला जे ठरवलं ते तुम्हाला देतेय, निघायच्या आधी नाशकात ठरवा, ड्रायव्हरसमोर परत बोला. गाडी मागच्या माणसाची. मागे कोण असेल ते त्या-त्या वेळी ठरेल, पण जो मागे तो गाडीचा मालक. मागे मागे पाच-दहाच्या स्पीडने रांगत यायचं नाही, त्याने क्लच जळतो, ट्रक अडतात आणि आर्मीचा कॉन्व्हॉय आला की सगळ्यांचे शाप लागतात. गाडीने पुढे जाऊन चार-पाच किलोमीटरवर थांबायचं, मागचा माणूस आला, दिसला, ठीक आहे असा हात केला की मग परत पुढे. जो पुढे पळतोय त्याला पळू दे की, पण त्याने स्वतःचं जॅकेट, पाणी, ट्यूब, पंप, हँगर, खायला दोन गोष्टी स्वतःच्या पाठीवर घेऊन पळायचं. म्हणजे फास्ट असण्याचं वजनही त्यालाच. कॉन्व्हॉय आला की दोघांनी उतरून डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही.

याने एक गंमत होते. "दमलीस की गाडीत बस" हे वाक्यच बाद होतं, कारण गाडी आधीच तुमच्याकडे असते, कोणी परवानगी द्यायची उरत नाही.

दुसरं, थांबण्याचं. तुम्ही पत्रात लिहिलंय की ते टपरीवर थांबतात आणि तुम्ही पोचलात की "चला" म्हणतात. हे वाचून मी एकटीच मोठ्याने हसले. जो पुढे असतो त्याला वीस मिनिटं आराम मिळतो, चहा, बिस्कीट, फोटो, आणि जो मागे असतो त्याला शून्य, आणि वर "एवढ्यांदा थांबतोय तुझ्यासाठी" हे बोनस. साधा नियम, मागचा माणूस टेकल्यापासून घड्याळ सुरू, दहा मिनिटं. वणीच्या गडावर नांदुरीकडून चढताना आत्तापासूनच करून बघा. तो घाट एका दिवसात दोनदा करा, दर आठवड्याला, पायांची तयारी तिथे होईल. उंचीची तयारी महाराष्ट्रात कुठेच होत नाही हे मात्र मान्य करून टाका. आणि गिअर बघून घ्या, पुढचा छोटा चेनरिंग (पॅडलजवळचं दातेरी चाक) मागच्या मोठ्या गिअरपेक्षा लहान पाहिजे, पुढे २२ दाते तर मागे ३४ असं काहीतरी, टांगलांग लाला हवा समुद्रसपाटीच्या निम्मी असते, तिथे ताशी पाचच्या स्पीडने पडायचं नाही एवढंच कौशल्य.

तिसरं, गाडीत कधी बसायचं ते दमण्यावर ठरवू नका. दमणं रोजचंच आहे. पॅसेंजर होण्याची कारणं तीन: डोकं दुखतंय आणि थांबत नाहीये, अंधार पडतोय आणि मुक्काम लांब आहे, किंवा हवा बिघडली. यातलं काही झालं तर दोघांपैकी कोणीही असो, बसायचं, आणि डोकं दुखत असेल तर ठरवणारा दुसरा, कारण उंचीने आधी डोक्याचाच निर्णय बिघडतो. ड्रायव्हर म्हणाला खाली तर खाली, त्यावर चर्चा नाही. आणि एकन् एक किलोमीटर सायकलवरच करायचाय असा तुमचा हट्ट असेल, आणि मला तुमच्या १३ तास १० मिनिटांवरून वाटतंय की असणार, तर गाडीचा हाच तर फायदा आहे, जिथे थांबलात तिथल्या मैलाच्या दगडाचा फोटो काढा आणि सकाळी गाडीने परत त्याच दगडापाशी सोडायला सांगा. गाडी नसती तर हे जमलंच नसतं. मी टांगलांग लाच्या चढावर असंच केलं, वारा सुटला म्हणून संध्याकाळी बसले, सकाळी सातला परत त्याच दगडापाशी उतरले. नवरा म्हणाला कशाला, सहाच किलोमीटर तर होते. मी काही बोलले नाही.

उताराचं एक राहिलं. खिंड चढताना घाम, माथ्यावर वारा आणि लगेच उतार, तिथे माणूस गारठतो. ब्रेक दाबायला बोटं वळत नाहीत, आणि ते फार वाईट. म्हणून माथ्याच्या आधी गाडी तुमच्या पुढे जाऊन माथ्यावर उभी पाहिजे, कोरडा शर्ट आणि जॅकेट सीटवर काढून ठेवलेलं. आमचा ड्रायव्हर मला दरवेळी तेच ओरडायचा, "मॅडम गाडी में बैठो नहीं बोल रहा, जॅकेट पहनो बोल रहा हूँ." फक्त रोहतांगच्या दिवशी लक्षात ठेवा, वर जायला गाडीला परमिट लागतं, नसेल तर गाडी खालच्या अटल बोगद्यातून जाऊन पलीकडे भेटेल, म्हणजे त्या दिवशी सगळं पाठीवर.

बायकांचं म्हणून एक सांगते, पुरुष लिहितात त्या टिप्समध्ये हे कधी नसतं. मोरे प्लेन्स म्हणजे चाळीसेक किलोमीटर सपाट, झाड सोडा झुडूप नाही. डॉक्टरांनी उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी दिली असेल (विचारूनच घ्या, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा) तर त्याने सारखं जावं लागतं. गाडीची एका बाजूची दोन्ही दारं उघडायची आणि मधे ओढणी बांधायची, झालं बाथरूम. दोन मोठ्या ओढण्या न्या, गडद रंगाच्या. हे टाळायला म्हणून पाणी कमी पिऊ नका, मी पहिल्या दिवशी तेच केलं आणि संध्याकाळी डोकं धरून बसले. पाळीच्या तारखा जुळत असतील तर तेही आत्ताच डॉक्टरांशी बोला. सिम पोस्टपेड न्या, आपलं प्रीपेड लडाखमध्ये चालत नाही, आणि जिस्पाच्या पुढचं दारचा सोडल्यावर मधे बराच वेळ घरी फोन लागेलच असं नाही हे घरी आधीच सांगून ठेवा, नाहीतर सासूबाई इकडे देव पाण्यात घालून बसतील.

आणि सासूबाई. त्यांना समजावून सांगायच्या भानगडीत पडू नका, त्यांना दशम्या करायला सांगा. दुधात भिजवलेल्या, गुळाच्या, प्रवासाच्या. वर सगळीकडे मॅगी आणि राजमा-चावल मिळतो पण चौथ्या दिवसानंतर भूक मरते आणि तेव्हा घरचंच काहीतरी गळ्याखाली उतरतं. मेतकूटही न्या, फक्त भात कुकरमध्ये शिजवलेला मागा, ४५०० मीटरवर पाणी पंच्याऐंशी अंशाच्या आसपासच उकळतं, पातेल्यातला भात कच्चा राहतो. चिक्की नका नेऊ, थंडीत दगड होते, माझी दाढ अजून दुखते. आमच्या सासूबाईंनीही आधी "काही गरज आहे का" केलं होतं, मग पंचवीस दशम्या केल्या, वर एक कागद ठेवला, कुठल्या आधी खायच्या ते लिहून. मढीला पहिल्या रात्री ड्रायव्हरला दोन दिल्या. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच विचारलं, मॅडम वो मीठी रोटी और है क्या. सरचूपर्यंत आमच्यापेक्षा त्यानेच जास्त खाल्ल्या. तर तुम्ही चाळीस न्या.